कोरडा दिवस आणि कोरडा नळ

दर पावसाळ्यात नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांतील नागरिकांस आरोग्य खात्याकडून एक उपदेश केला जातो. आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ म्हणून पाळा, घरात साठवलेले पाणी ओतून टाका, भांडी घासून वाळवा, म्हणजे डेंग्यूचा डास पैदा होणार नाही. उपदेश शास्त्रशुद्ध आहे आणि तो करणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस मुळीच शंका नाही. परंतु ज्या घरी नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, त्या घरच्या गृहिणीस भरलेला बॅरल गटारात ओतावयास सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य ऐकविण्यासारखे आहे, हे या उपदेशकांच्या ध्यानात येऊ नये याचे आम्हांस नवल वाटते.

डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास डबक्यांपेक्षा घरातले स्वच्छ, साठविलेले पाणी पसंत करतो आणि दिवसाढवळ्या चावतो. त्याची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेवर अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्यात महिनोन् महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या निघतात आणि साधारण आठ ते दहा दिवसांत नवा डास उडू लागतो. म्हणजे ज्या वस्तीत नळाची पाळी आठ-दहा दिवसांची, तेथे डासाच्या एका पिढीला लागणारा अवधी आम्ही स्वतःच नेमून दिलेला असतो. रांजण, हौद, सिमेंटची टाकी, निळा बॅरल, सारे भरलेले आणि पुढची पाळी येईपर्यंत न हलणारे! मराठवाड्यात हा आजार पावसाची वाट पाहत बसत नाही, याचेही कारण हेच.

लातूरकरांना याची फोड करून सांगण्याची गरज नाही. २०१६ साली धनेगावचे मांजरा धरण आटले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम जारी करावा लागला आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याचे दहा वाघिणींचे पाच लाख लिटर घेऊन आगगाडी लातुरात आली. त्या उन्हाळ्याने प्रत्येक घराला, मिळेल त्या भांड्यात मिळेल तितके पाणी भरून ठेवावे, ही शिकवण दिली. पुढे पावसाने धरण भरले, पण ती धास्ती ओसरली नाही. ओसरावी असा भरवसाही कोणी दिला नाही. नांदेडची गोष्ट वरवर पाहता निराळी आहे. गोदावरी दारातून वाहते, विष्णुपुरीचा जलाशय शहराला लागून आहे. तरीही तेथील अनेक वस्त्यांत तोच बॅरल आणि तीच टाकी दिसते. पाणी नसण्याइतकीच पाण्याची बेभरवशी पाळीही माणसाला साठेबाज बनवते.

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या, अधिक गंभीर बाजूकडे वळू. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती ही निसर्गाची थोर देणगी आहे. रोगजंतू शिरला की प्रथम ताप येतो, सरसकट लढणाऱ्या पेशी धावून जातात. काही दिवसांनी नेमक्या त्या जंतूवर बेतलेली प्रतिपिंडे रक्तात तयार होतात आणि लढाई संपल्यावरही तिची स्मृती काही पेशी जपून ठेवतात. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही, हे आमच्या आजीबाईंना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते. देवीचा रोग लशीच्या बळावर भारतातून १९७५ साली हद्दपार झाला तोही याच स्मृतीच्या आधारे. एडिस डासच पसरवीत असलेल्या चिकुनगुन्याचेही असेच आहे. १९७३ साली बार्शीस त्याची साथ आली, पुढे तीन दशके त्याचे नाव फारसे कानी पडले नाही. आणि मधल्या काळात त्या रोगाची ओळख नसलेली एक पिढी वाढल्यावर २००६ साली मराठवाड्यातील कितीतरी गावांत माणसे सांधे धरून बसली.

डेंग्यू मात्र हा नेम मोडतो. त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा आजार झाला की त्या प्रकारापासून बहुधा जन्मभराचे संरक्षण मिळते. इतर तिघांपासूनचे संरक्षण काही महिन्यांतच विरते. पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला की जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात खरी, परंतु त्याला निकामी करू शकत नाहीत; उलट त्या जोडीला गिळणाऱ्या रक्षक पेशींतच विषाणूला शिरकाव मिळतो आणि तेथे तो फोफावतो. पहारेकऱ्याने ओळखीचा चेहरा समजून शत्रूला दिंडी उघडावी, तसे हे होते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे विरत असताना काही तान्ह्या मुलांवरही हाच प्रसंग ओढवतो. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या बहुतेकांना धोका होत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु जे अत्यवस्थ होतात त्यांत दुसऱ्या खेपेचे रुग्ण अधिक असतात.

लस टोचली की सारे निभावेल, असे म्हणणाऱ्यांनी फिलिपाइन्सचा अनुभव आठवावा. तेथे २०१६ साली शाळकरी मुलांना डेंग्यूची लस देण्यास प्रारंभ झाला आणि आठ लाखांवर मुलांना ती टोचली गेली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालाच नव्हता अशांच्या बाबतीत लस हीच जणू पहिली लागण ठरते व पुढचा आजार गंभीर होण्याचा संभव वाढतो, असे आढळून आल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये ती मोहीम थांबवावी लागली. आपल्या देशातही स्वदेशी लशीची मोठी चाचणी २०२४ साली सुरू झाली. शास्त्रज्ञांच्या या प्रयत्नांस आम्ही यश चिंतितो. परंतु लशीच्या आशेवर पाणीपुरवठा खात्याने स्वस्थ बसावे, याला मात्र आमची संमती नाही. दर साली नव्या प्रकाराचा विषाणू आणि जुनाच बॅरल, असा योग जुळू देणे हा आमच्या मुलांच्या जिवाशी चाललेला जुगार आहे.

‘आभाळच फाटले तर आम्ही काय करणार?’ असे पालिकेचे कारभारी म्हणतील. अवर्षणाचा दोष त्यांच्या माथी आम्ही मारीत नाही. आमची मागणी विपुल पाण्याची नसून नेमाच्या पाण्याची आहे. आहे तेच पाणी थोडे थोडे, परंतु ठरल्या वारी, ठरल्या वेळी द्यावे. पाळीचे अंतर कोणत्याही वस्तीत डासाच्या पिढीहून कमी असावे. आणि गळक्या जलवाहिन्यांची दुरुस्ती हा आरोग्यावरचाच खर्च मानून त्याची अंदाजपत्रकात तरतूद करावी. यास पैसा आणि वेळ लागेल, हे उघड आहे. तोपर्यंत ‘पाणी ओता’ असे न सांगता ‘पाणी झाका’ असे सांगावे. गरीब वस्त्यांत घट्ट झाकणे व जाळीचे कापड पालिकेने पुरवावे; ओतता न येणाऱ्या टाक्यांत गप्पी मासे सोडावेत किंवा प्रशिक्षित सेवकांनी ठरल्या प्रमाणात अळीनाशक टाकावे; आणि रुग्णांची संख्या प्रभागवार, दर आठवड्याला, न लपविता प्रसिद्ध करावी.

नागरिकांचेही कर्तव्य आहेच. गच्चीवरचे टायर, कूलरचे पाणी, अंगणातल्या करवंट्या यांचा दोष पालिकेकडे जात नाही. भांडे रिकामे झाले की त्याची कड घासल्याविना ते पुन्हा भरू नये, कारण अंडी तेथेच असतात. तसेच डेंग्यूचा ताप उतरला म्हणजे दुखणे गेले, असे समजू नये. प्रतिकारशक्तीच्याच अतिरेकाने सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागण्याचा धोका नेमका त्याच एक-दोन दिवसांत असतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, रक्तस्राव अथवा ग्लानी दिसताच रुग्णाला रुग्णालयात न्यावे, आणि तापावर ॲस्पिरिनसारख्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

माणसाचे शरीर एका दुखण्याची आठवण जन्मभर ठेवते. २०१६ च्या उन्हाळ्याची आठवण आमच्या पालिकांनी किती ठेवली आहे, याचे उत्तर मात्र नळाखाली रांगेत मांडलेल्या भांड्यांकडे पाहून कोणासही मिळेल. ती रांग जोवर कमी होत नाही, तोवर ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा आग्रह नागरिकांना धरण्याचा नैतिक अधिकार या कारभाऱ्यांस नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.