दुधाला चार अंश, ड्रायव्हरला किती तास?

दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर रक्तदाब वाढला म्हणून दवाखान्यात येतो. कुठलाही डॉक्टर त्याला काय सांगेल? वेळेवर जेवा, मीठ कमी करा, रोज चाला, रात्री सात तास झोपा. हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. प्रश्न इतकाच, की तो पाळायचा कधी आणि कुठे? त्याचा रक्तदाब वाढवणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या त्याच्या पगाराच्या पद्धतीत आहेत, आणि पगारावर मला गोळी लिहून देता येत नाही. म्हणून आज आजाराबद्दल कमी आणि पगाराबद्दल जास्त लिहिणार आहे.

आधी हे काम कसे चालते ते पाहू. गावोगावचे दूध शीतकरण केंद्रावर येते आणि तिथे चार-पाच अंशांपर्यंत थंड केले जाते. मग ते स्टीलच्या टँकरमध्ये भरून सील लावतात. हा टँकर म्हणजे एक मोठा थर्मास. दूध गार ठेवतो, पण गार करण्याचे यंत्र त्यात बहुधा नसते. त्यामुळे वाटेत जेवढा वेळ जाईल तेवढे दूध हळूहळू तापत जाते. कोल्हापूरहून मुंबई पावणेचारशे किलोमीटर. सांगली, फलटण, बारामती, संगमनेर, कुठूनही निघाला तरी मध्ये एखादा घाट असतोच, आणि प्रवास बहुतेक रात्रीचा. पोहोचल्यावर डेअरीच्या फाटकावर रांग. मग नमुना काढून तापमान, फॅट, एसएनएफ, आम्लता, भेसळ असे सगळे तपासले जाते. तपासायलाच हवे, दूध लहान मुलांच्या पोटात जाते. त्यानंतर टँकर रिकामा करायचा, कॉस्टिक आणि गरम पाण्याने धुवून घ्यायचा आणि परत फिरायचे.

आता हिशेब बघा. माझ्याकडे येणारे ड्रायव्हर सांगतात, की मूळ पगार तुटपुंजा असतो आणि घर चालते ते फेरीमागे मिळणाऱ्या भत्त्यावर. रांगेत गेलेले चार तास आणि टँकर धुण्यात गेलेला तास कुणी मोजत नाही. दूध कमी भरले तर मात्र ती घट पुष्कळदा त्याच्याच नावावर पडते. म्हणजे थांबला की तोटा, झोपला की तोटा. असा पगार माणसाला जागे राहण्याचे पैसे देतो.

जागरणाचे शरीरावर काय होते ते नेमके सांगतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच चुकतो, आणि २४ तास जागा असलेला सुमारे ०.१ टक्के असलेल्याइतका. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला ड्रायव्हर रात्री अकराला घाट चढायला लागतो, तेव्हा त्याने थेंबभर दारू घेतलेली नसते, पण त्याचा मेंदू ही मर्यादा ओलांडून गेलेला असतो. फुंकून तपासायच्या यंत्रात हे दिसत नाही. पहाटे दोन ते पाच या वेळात तर शरीर झोपेसाठी अडूनच बसते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे ६५ मीटरहून जास्त अंतर, मिटल्या डोळ्यांनी. कप्पा अर्धवट भरलेला असला तर ब्रेक मारताच आतले दूध पुढे आदळते आणि गाडीला ढकलते, ते वेगळेच.

कायदा नव्हता असे नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ चा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्यासाठी फार तर १० आणि ५४. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. पण हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकालाच लागू होता, आणि दोन टँकरवाला छोटा ठेकेदार त्यातून सुटत होता. आता तो कायदा २०२० च्या नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. माझ्या माहितीतल्या एकाही ड्रायव्हरला यातले काही कुणी सांगितलेले नाही. २०२५ पासून नव्या अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण गाडी चालवण्याच्या तासांबद्दल ती केबिन काही बोलत नाही.

मालक मंडळी म्हणतात, “डॉक्टर, त्यांनाच जास्त फेऱ्या हव्या असतात.” हव्या असणारच. भुकेल्या माणसाला ताट हवे असते, त्याला आवड म्हणत नाहीत. दुसरे म्हणणे असे, की दोन ड्रायव्हर ठेवले तर दूध महागेल. किती? समजा टँकर १५,००० लिटरचा आहे आणि दुसऱ्या ड्रायव्हरचे एका फेरीचे १,५०० रुपये. म्हणजे लिटरमागे दहा पैसे. अर्ध्या लिटरच्या पिशवीवर पाच पैसे. आता चलनात पाच पैशांचे नाणेही नाही.

टँकर चालवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडे. डेअरीवर धड स्वच्छतागृह नाही म्हणून तुम्ही पाणी कमी पिता. त्याने मुतखडा होतो. लघवी जास्त होते म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करता. तसे करू नका, गोळी किंवा तिची वेळ बदलता येते. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकवले तर साखर एकदम उतरते आणि घाम, थरथर, अंधारी येते. गाडी बाजूला घ्या, साखर खा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा की मी गाडी चालवतो. मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा पेंगत असाल तर तपासून घ्या. डोळे जड झाले तर चहा किंवा गुटखा उपयोगाचा नाही, सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटे झोपा.

बाकीच्या वाचकांपैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या दूध संस्थेचे सभासद आहेत. वार्षिक सभेत दरफरकावर दोन तास बोलणे होते. त्यातली पाच मिनिटे मागून घ्या आणि तीन प्रश्न विचारा. वाहतुकीच्या ठेक्यात ड्रायव्हरच्या तासांची अट आहे का? रांगेत उभे राहिल्याचे त्याला पैसे मिळतात का? तो झोपेल अशी एखादी खोली आपल्या डेअरीवर आहे का? आपले संचालक टँकरमधल्या दुधाचे तापमान कागदावर दाखवू शकतात. ड्रायव्हर किती तास जागा होता याचाही कागद मागा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.