मानधन आणि मालकी

अमेरिकेतील जेम्सटाउन येथे १९११ साली जन्मलेल्या ल्युसिल बॉल यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. चित्रपटांत अनेक वर्षे लहानमोठ्या भूमिका केल्यावर, १९५१ मध्ये ‘आय लव्ह ल्युसी’ या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेने चाळिशीत त्यांना घराघरांत पोहोचविले.

त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. ल्युसिल व त्यांचे पती देसी आर्नाझ यांनी मात्र हॉलिवूडमध्ये, फिल्मवरच चित्रीकरण करण्याचा आग्रह धरला. वाढीव खर्चापोटी त्यांनी स्वतःचे मानधन कमी करून घेतले. मोबदल्यात त्या फिल्मची मालकी मागितली. एकदा दाखविलेल्या भागाला पुन्हा किंमत ती काय, अशा समजुतीने सीबीएस कंपनीने ती दिली. पुढे पुनःप्रक्षेपणाला मागणी आली आणि त्याच कंपनीने ते हक्क लाखो डॉलर मोजून विकत घेतले.

घटस्फोटानंतर १९६२ मध्ये देसी यांचा हिस्सा विकत घेऊन ल्युसिल यांनी ‘देसिलू’ स्टुडिओचा कारभार स्वतः हाती घेतला. १९६७ मध्ये तो सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरना विकला गेला.

घरखर्चाचा मेळ घालताना पडद्यावरच्या ल्युसीची नेहमी फजिती होई. पडद्यामागील ल्युसिल यांनी मात्र हाती येणाऱ्या रकमेहून मालकी मोलाची, हे वेळीच ओळखले होते.