दोन हजारांत हलकी रॅकेट

मैदानाकाठी

शाळा सुरू झाल्या की गंगाखेड, सेलू, जिंतूरकडच्या पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. पोरगी सातवीत आहे, बॅडमिंटनचं वेड लागलंय, रॅकेट हलकी हवी आणि दोन हजारांच्या वर जाता येणार नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन हजारांत चांगली हलकी रॅकेट येते, पण सगळे पैसे रॅकेटवर घालू नका. तेराशे-चौदाशेची फ्रेम घ्या, उरलेले गटिंगसाठी, म्हणजे तार ओढून घेण्यासाठी, आणि ग्रिपसाठी ठेवा.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दुकानात गेलं की पैसे रॅकेटवरच्या नावावर आणि रंगावर जातात. कारखान्यातून येणारी तार बहुधा ढिली आणि हलक्या प्रतीची असते. तीच तार घेऊन लेकरू वर्षभर खेळतं. फूल मागच्या रेषेपर्यंत पोहोचत नाही म्हणून ते खांद्याचा जोर लावतं, आणि मग खांदा दुखतो. घरचे म्हणतात, रॅकेट जड आहे, अजून हलकी आणू. दोष वजनाचा नसतो, तारेचा असतो. स्वस्त फ्रेमवर चांगली तार हा महाग फ्रेमवरच्या ढिल्या तारेपेक्षा कितीतरी चांगला सौदा आहे, हे मी प्रत्येक पालकाला सांगतो आणि सांगत राहणार.

आता वजनाचं. मुठीच्या वर, दांड्याजवळच्या शंकूसारख्या टोपीवर ३यू, ४यू, ५यू असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. आकडा जितका मोठा, तितकी रॅकेट हलकी. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४ आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९. हे वजन रिकाम्या फ्रेमचं. तार आणि वरची ग्रिप चढली की थोडं वाढतं. शिकणाऱ्या मुलामुलींना ४यू पुरते. मनगट फारच नाजूक असेल तर ५यू घ्या. त्याहून खाली उतरू नका. फार हलक्या रॅकेटने फूल लांब पाठवायचं तर हात अधिक वेगाने फिरवावा लागतो, आणि ती ताकद नवख्या मनगटात अजून आलेली नसते. शाळेच्या उघड्या अंगणात, वाऱ्यात खेळणाऱ्यांना तर हे लगेच जाणवतं.

खेळाच्या नियमांत रॅकेटच्या वजनाची अटच नाही. लांबी ६८० मिलिमीटर आणि रुंदी २३० मिलिमीटर, याच्या आत बसली की झालं. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून भारताला पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, तो लाकडी रॅकेटचा जमाना होता. खेळ संपला की फ्रेम वाकू नये म्हणून ती शिकंज्यात आवळून ठेवावी लागे. आज परभणीच्या बाजारातून घेतलेली साधी ग्रॅफाइटची रॅकेटही त्याहून हलकी असते.

वजनाइतकाच तोल महत्त्वाचा, आणि तो दुकानातच तपासता येतो. रॅकेट एका बोटावर आडवी तोलून धरा. जिथे ती स्थिर राहील तिथपासून मुठीच्या टोकापर्यंतचं अंतर ३० सेंटिमीटरच्या पट्टीने मोजा. साडेअठ्ठावीस ते साडेएकोणतीस सेंटिमीटर भरलं तर तोल मध्यावर आहे. नवख्यांना हाच बरा. त्याहून जास्त भरलं तर डोकं जड. अशी रॅकेट काट्यावर हलकी भरली तरी हातात जडच वाटते. मग फ्रेम डोळ्यासमोर धरून एका रेषेत पाहा. पीळ असेल तर लगेच कळतो. मूठ जी५ मापाची घ्या. इथेही आकडा वाढला की मूठ बारीक होते, आणि बारीक मुठीवर ग्रिप गुंडाळून ती जाड करता येते. जाड मूठ मात्र बारीक होत नाही.

गटिंग करून घेताना २० ते २२ पाउंडांच्या पुढे जाऊ नका. जास्त ओढ म्हणजे जास्त जोर, हा पोरांचा समज चुकीचा आहे. नवख्याला जोर मिळतो तो कमी ओढीच्या, लवचीक तारेतून. शिवाय फ्रेमवर कमाल ओढ छापलेली असते, ती ओलांडली तर फ्रेमच चिरते. गटिंगचं मशीन गावोगावी नसतं. त्यामुळे नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला कुणी निघालं असेल तर आजूबाजूच्या चार घरांनी आपापल्या रॅकेट एकत्र पाठवाव्यात. आणि आपल्याकडच्या उन्हात दुचाकीला लटकवलेली किंवा बंद गाडीत ठेवलेली रॅकेट तार ढिली करून घेते, हेही लक्षात असू द्या.

शाळांनाही एक विनंती. क्रीडा साहित्याच्या पैशातून डझनभर लोखंडी रॅकेट आणल्या जातात. त्यांचं वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असतं आणि सांधा महिनाभरात हलायला लागतो. त्याऐवजी चारच ४यू ग्रॅफाइटच्या घ्या, नीट गटिंग करा आणि पोरांना पाळीपाळीने खेळू द्या. १४ वर्षांखालच्या गटात तालुक्याहून जिल्ह्याला येणारी मुलं पहिल्याच फेरीत हरतात, तेव्हा त्यांच्या हातात काय आहे ते क्रीडाशिक्षकांनी एकदा जवळ जाऊन पाहावं.