जे बेळगावात सिद्ध झाले, ते सीमाभागातील मातेला मराठीत कळलेच पाहिजे!

सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या मुलास वैद्यकशास्त्र अकालजात म्हणते; आमच्या आयाबहिणी त्याला अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणतात. 2020 साली भारतात अशी सुमारे 30 लाख मुले जन्मास आली; जगातील अन्य कोणत्याही देशात एवढी जन्मली नाहीत. त्यांची फुप्फुसे कच्ची, अंगात ऊब टिकत नाही, दूध ओढण्याचे बळ नाही, आणि जंतुसंसर्ग तर उंबरठ्यावरच टपलेला! परंतु हे सारे दैवाच्या माथी मारण्याचे दिवस आता गेले आहेत, आणि ते घालविण्यात आमच्या बेळगावचाही वाटा आहे.

येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग असलेल्या दोन आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. पहिल्या चाचणीत पहिलटकरणींना गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांपासून अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन देण्यात आले. औषध न मिळालेल्यांत अकाली प्रसूतीचे प्रमाण 13.1 टक्के होते, मिळालेल्यांत ते 11.6 टक्के आढळले. दुसऱ्या चाचणीत अकाली प्रसूतीचा धोका दिसणाऱ्या स्त्रियांना रुग्णालयात डेक्सामेथासोनची इंजेक्शने दिली गेली. तेथे नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण 23.5 ऐवजी 19.6 टक्के राहिले. इंजेक्शन मातेला, परंतु गुण येतो तो गर्भाच्या फुप्फुसांना. आणि त्यासाठी प्रसूतीपूर्वी काही तास तरी हाती असावे लागतात.

ते तास मिळणार कसे? वेळेआधी पोट घट्ट होऊ लागणे, कंबर दुखणे, पाणी जाणे, अंगावरून रक्त जाणे ही धोक्याची चिन्हे आहेत, हे घरात कळले तरच! भीमगडच्या रानातील गावांतून पावसाळ्यात रुग्णाला खांद्यावरून आणावे लागते. तेथील सासूसुनांना ही चिन्हे त्यांना समजणाऱ्या भाषेत कोणी सांगितली नसतील, तर शहरातील औषधाचा त्यांना काय उपयोग?

जन्मानंतरही तेच. मुलाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवावे, आणि जन्मताच त्यास आरंभ करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली केली. या उपायास विजेचे यंत्र लागत नाही. आईला नीट समजावून सांगणारा माणूस लागतो. फार लवकर जन्मलेल्या मुलाचे डोळे महिन्याच्या आत तपासले नाहीत तर त्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. ही सूचना ज्या कागदावर लिहिलेली असेल, तो कागदच आईला वाचता आला नाही, तर त्या अंधत्वाचा धनी कोण?

भाषिक अल्पसंख्याक जेथे 15 टक्क्यांहून अधिक, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे संरक्षण देशाने मान्य केलेले आहे. बाळंतिणीच्या हाती पडणाऱ्या कागदाहून महत्त्वाची सूचना ती कोणती? कानडी भाषेशी आमचे वैर नाही. परंतु कानडीचा मान मराठी मातेच्या अज्ञानावर उभा राहतो असे ज्यांना वाटते, ते कानडीचाही अपमानच करतात!

2023 साली महाराष्ट्राने 865 सीमागावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटकाच्या राज्यकर्त्यांनी हरकत घेतली. उपचाराला हरकत! रोग्याच्या उशाशी येऊन सरहद्द आखणाऱ्या या राजकारणाला आम्ही माणुसकीचे राजकारण म्हणू शकत नाही.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. न्यायालयाचे काम त्याच्या गतीने चालेल आणि आमचा लढाही चालेल. अपुऱ्या दिवसांचे मूल मात्र तारखांची वाट पाहत नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: गरोदर मातेचे कार्ड, धोक्याच्या चिन्हांचा फलक आणि बाळाला घरी नेतानाचा सूचनापत्रक कागद या तिन्ही गोष्टी सीमाभागातील प्रत्येक सरकारी दवाखान्यात मराठीत मिळाल्या पाहिजेत. आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी सरकारची वाट न पाहता ही चिन्हे घरोघर सांगावीत. सीमाभागाचे उद्याचे नागरिक आज त्या मातांच्या उदरात आहेत. त्यांना वाचविणे हेही लढ्याचेच काम आहे!