ओझ्याचा घाट

डोंगरात पळायचं तर डोंगरातच सराव करा, लोखंड उचलून काय होणार? पन्नास-शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीची तयारी करणाऱ्यांत हे एकदा तरी ऐकू येतंच. त्याला जोडून ठेवणीतला दाखला : "घाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्याच्या पोरांनी कधी जिमचं तोंड पाहिलंय? तरी नाणेघाट कसा सरसर चढतात!"

हा दाखला आधी घेतो, कारण तो देणाऱ्यावरच उलटतो. गेल्या पौषात मी नाणेघाट उतरत होतो. चढताना मोठी ऐट होती. निम्म्या उतारावर, झिजून गुळगुळीत झालेल्या दगडांवर, मांड्या लटलट कापू लागल्या. दम मुळीच लागला नव्हता, हे विशेष. तेवढ्यात मागून एक बाई आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, पाय अनवाणी. "दादा, वाट द्या," म्हणाली आणि दोन वळणांत दिसेनाशी झाली.

तिने जिम पाहिली नसेल, कबूल. पण पाण्याचे हंडे, भाताचे भारे, मोळ्या यांचं वजन काय हवेत जातं? तिची ताकद तिच्या कामातच घडली आहे. आठवड्याचे पाच दिवस खुर्चीत काढणाऱ्या ठाण्याच्या धावपटूने तिचं नाव पुढे करून वजनं टाळावीत, हा उफराटा न्याय झाला. शिवाय हा घाट मुळातच ओझ्याचा. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरकडे चढला. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखाचं लेणं आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण माथ्यावर आजही आहेत.

"वजनांनी अंग जड होतं, वेग मरतो," ही दुसरी भीती. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००८ साली १७ मुरलेल्या धावपटूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, भरपूर वजन घेऊन अर्ध्या बैठका मारल्या. फेऱ्या चार आणि प्रत्येक फेरीत बैठका चारच. अंगाचं वजन वाढलं नाही; त्याच वेगाला लागणारा प्राणवायू मात्र सुमारे ५ टक्क्यांनी घटला.

तालमीतली मंडळी म्हणतील, आम्ही पाचशे बैठका काढतो. जरूर काढा. पण जे पाचशे वेळा जमतं, त्यात ताकदीची परीक्षा उरत नाही, चिकाटीची असते.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र खरं आहे : उताराची सवय उतरूनच लागते. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर धरून ब्रेकचं काम करतो. त्यात तंतू दुखावतात आणि दोन दिवस जिना उतरताना आई आठवते. पण पुढचे काही आठवडे तोच उतार कमी छळतो. अडचण एवढीच, की सहा-सातशे मीटरचा असा घाट शहरातल्या माणसाला आठवड्यात मिळतो किती वेळा? रविवारी एकदा. सिंहगड-राजगड-तोरण्यासारखी शर्यत तर एकामागून एक गड उतरायला लावते.

म्हणून मधल्या वारांसाठी सांगतो. पाठपिशवीत दहा किलो तांदूळ भरा आणि गुडघ्याला बेताचा एखादा ओटा शोधा. एका पायाने चढा. उतरताना मनात चार आकडे मोजत, पाय न आपटता खाली टेकवा. मग भिंतीला हात लावून, गुडघा किंचित वाकवून, एकेका पायाची टाच उचला. पोटरीचा आतला स्नायू असाच कामाला लागतो. सहज जमू लागलं की फेऱ्या वाढवू नका, तांदूळ वाढवा. मंगळवार आणि शुक्रवार, चाळीस-चाळीस मिनिटं. शर्यतीला दहा दिवस उरले की पिशवी खुंटीला.

जिमची पावती फाडायलाच हवी असं नाही. तांदूळ घरात आहेच.