तुरीचे दोन तास

गेल्या पौषात कोरपन्याला चुलतभावाकडे दोन दिवस राहून आलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेवटच्या वेचणीची पऱ्हाटी उभी होती आणि दूर गडचांदूरकडे सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या दिसत होत्या. रात्री जेवताना वहिनींनी वाढलेले वरण मी सवयीने वाखाणले आणि विचारले, "घरच्या तुरीचे ना?" वहिनी हसल्या. म्हणाल्या, "घरची तूर कुठं राह्यली आता, भाऊजी? दुकानातून पुडा आणतो. संपला की दुसरा."

घासभर वरणात एवढे अडकण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात डाळ विकत आणणे म्हणजे नाचक्की समजली जाई, त्याच घरात, बारा एकर काळ्या जमिनीच्या मालकाच्या ताटात, दुकानाच्या पुड्यातले वरण आले होते. हे कसे घडले, या प्रश्नाने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही.

तास म्हणजे आमच्याकडे पिकाची ओळ. माझ्या लहानपणी पेरणीच्या दिवशी वडील कपाशीचे ठरावीक तास मोजत आणि त्यानंतर तुरीचे दोन तास टाकत. तिफणीमागे बांधलेल्या सरत्यातून तुरीचे दाणे सोडण्याचे काम आईचे. म्हणून घरात ते तास आईचेच मानले जात. कपाशीचा पैसा दिवाळीनंतर येई आणि सावकाराच्या व दुकानदाराच्या वहीत जिरून जाई. तूर मात्र घरी येई. वर्षाचे वरण, लेकीबाळींच्या माहेरपणाची शिदोरी, सालदाराच्या धान्यातला वाटा हे सारे त्या दोन तासांतून निघे.

या जोडीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण होते. तूर पहिले दोन महिने सावकाश वाढते आणि कपाशीच्या वाटेत येत नाही. तिचे मूळ खोल जाते. पाऊस सरल्यावर वरची माती कोरडी पडली, तरी ती खालच्या ओलीवर फुलते. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात आणि झडलेला पाला जमिनीत कुजून पुढच्या पिकाला लाभतो. आणि कपाशी बोंडअळीने किंवा अवेळी पावसाने गेलीच, तर हाती तूर उरे. विम्याचा हप्ता न भरता मिळणारा तो विमा होता.

संक्रांतीच्या आगेमागे सोल्यांची भाजी घरोघरी शिजे. मग तूर खळ्यावर येई. कुटार बैलांना, तुऱ्हाट्या कुडाला आणि चुलीला. तूर भिजवून, तिला लाल माती चोपडून, उन्हात वाळवून आई आणि काकू जात्यावर भरडत. चुनी गाईच्या वाट्याला जाई. एका पिकाचे काहीही वाया जात नसे. ते कष्ट किती होते हे जाते ओढणाऱ्या हातांनाच ठाऊक. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण डाळीवर त्या घराची सत्ता होती, एवढे मात्र खरे.

आता थोडे देशाकडे पाहू. 1960-61 मध्ये भारतात डाळवर्गीय पिकांचे उत्पादन 127 लाख टन होते आणि गव्हाचे 110 लाख टन. होय, त्या वर्षी देशात गव्हापेक्षा डाळी अधिक पिकल्या होत्या. चाळीस वर्षांनी, 2000-01 मध्ये, गहू 697 लाख टनांवर पोचला आणि डाळी 111 लाख टनांवर उतरल्या. मधल्या काळात लोकसंख्या 44 कोटींवरून 102 कोटींच्या पुढे गेली. माणशी रोजची डाळीची उपलब्धता 1961 मध्ये 69 ग्रॅम होती, ती 2001 मध्ये 30 ग्रॅम झाली. गृहिणींच्या हिशेबात सांगायचे, तर पाच माणसांच्या घराला महिन्याला सव्वादहा किलो डाळ येत होती, ती साडेचार किलोवर आली. वरण पातळ झाले ते काही केवळ सुनेच्या हातगुणाने नव्हे!

हे निसर्गाने केले नाही. 1965 मध्ये अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग स्थापन झाले. उपासमारीच्या भीतीतून सुटण्यासाठी गहू आणि तांदूळ यांना पाणी, खत, नवे बियाणे आणि हमखास खरेदी मिळाली. तो निर्णय त्या वेळी योग्यच होता. पण ज्या पिकाला खात्रीचे गिऱ्हाईक असते, त्याच पिकाला शेतकरी चांगली जमीन देतो. पंजाबात 1960 च्या सुमारास आठ लाख हेक्टरांहून अधिक हरभरा होता. कालवे आणि कूपनलिका आल्या आणि तो जवळजवळ नामशेष झाला. हरभरा मध्य आणि दक्षिण भारतात सरकला. डाळींच्या वाट्याला उरली ती कोरडवाहू, हलकी, दुसऱ्या पिकाने नाकारलेली जमीन. मर रोग, वांझ रोग आणि घाटे अळी हे शत्रू वेगळेच. बदनापूरच्या संशोधन केंद्राने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने रोगाला तोंड देणारे वाण दिले, 2011 मध्ये तुरीचा जनुकीय आराखडाही उलगडला. पण चांगले बी हाती आले म्हणून बाजार हाती येत नाही.

आमच्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडची धानपट्टी पाहा. तिथे उभ्या धानाच्या ओल्या बांधीत लाखोळी फेकून देत. नांगरट नाही, पाणी नाही. धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर गरिबाची डाळ पिके. तिच्या अतिसेवनाने पायांना लुळेपणा येतो म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. धोका खोटा नव्हता. दुष्काळात दुसरे काहीच न खाता लाखोळीवर जगणाऱ्यांना तो भोवला होता. महाराष्ट्राने बंदी उठवली ती 2008 मध्ये. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत शेतकरी ती पेरत आणि खात राहिले. बाजारात मात्र तिला उजळ माथ्याने जागा नव्हती. डाळीचे नशीब शेतात कमी आणि कागदावर जास्त ठरते, याचा हा आणखी एक दाखला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाबरोबर शेतात गेलो. मी म्हणालो, "दोन तास तरी टाकायचे." त्याने शांतपणे हिशेब मांडला. 2002 मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली, तेव्हापासून एकरकमी पैशाच्या आशेने कपाशी दाट झाली. निंदणाला मजूर मिळेनात, म्हणून तणनाशक आले. तणनाशक सोसणारे, मान्यता नसलेले कपाशीचे बियाणेही शेतशिवारांत पोचले. त्या कपाशीवर औषध मारले की तण जळते आणि तणाबरोबर तूरही जळते. दुसरे म्हणजे जनावरे. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीला घरात येते. तूर जानेवारीपर्यंत रानात उभी. भोवताली जंगल. रोही आणि रानडुकरे यांना तेवढेच हिरवे उरते. "तूर लावाले काही लागत नाही," भाऊ म्हणाला, "पण राखाले कोण बसन? पोट्टे तं कारखान्यात जाते." आणि धुवारी पडली की फुले गळतात, ते निराळेच.

मग तो 2016 बद्दल बोलला. ऑक्टोबर 2015 मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती, हे वाचकांना आठवत असेल. मी त्या वेळी नागपुरात घरी बसून सरकारला बोल लावत होतो. भावाने मात्र पुढच्या मृगात सहा एकरांत सलग तूर पेरली. त्याच्यासारख्या लाखो शेतकऱ्यांनी पेरली. पाऊस साथीला आला. देशाचे डाळउत्पादन एका वर्षात सुमारे 163 लाख टनांवरून 231 लाख टनांवर गेले. चाळीस वर्षे जे हलले नाही, ते भावाच्या आशेने एका हंगामात हलले! शेतकऱ्याला डाळ पिकवता येत नाही, या समजाला याहून मोठे उत्तर कोणते?

आणि त्याचे बक्षीस काय मिळाले? त्याच 2016-17 मध्ये देशाने 66 लाख टन डाळी आयात केल्या. जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी तूरखरेदीचा दीर्घ मुदतीचा करारही झाला होता. काबुली हरभऱ्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर डाळींच्या निर्यातीला 2006 पासून बंदी होती; ती पूर्णपणे उठली नोव्हेंबर 2017 मध्ये, म्हणजे तूर विकून झाल्यावर. बोनससह 5,050 रुपये हमीभाव जाहीर झालेला आणि बाजारात चार हजारही मिळणे कठीण. भाऊ एका खरेदी केंद्रावर नऊ दिवस रांगेत होता. बारदाना संपला, मग चाळणी झाली, मग पुन्हा बारदाना संपला. 22 एप्रिल 2017 ला राज्यात खरेदी थांबली, तेव्हाही केंद्रांबाहेर गाड्या उभ्या होत्या. भावाने त्याआधीच कंटाळून माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. पुढच्या वर्षी त्याने सलग तूर पेरली नाही आणि हळूहळू ते दोन तासही सुटले.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे डाळ स्वस्त झाली म्हणून मी समाधानाने दहा किलो भरून ठेवली होती. स्वस्त का झाली, असा प्रश्न मला पडला नव्हता. दोनशे रुपयांना ओरडणारे आपण, साठ-सत्तर रुपयांना गप्प बसतो. आपल्या ओरडण्याने आयातीची दारे उघडतात. आपल्या गप्प बसण्याने ती उघडीच राहतात. मे 2021 मध्ये तुरीची आयात खुली झाली आणि ती सवलत पुन्हा पुन्हा वाढत गेली. 2024-25 मध्ये डाळींची एकूण आयात 70 लाख टनांच्या पुढे गेली. जगात सर्वांत जास्त डाळ पिकवणारा, सर्वांत जास्त खाणारा आणि सर्वांत जास्त विकत आणणारा देश एकच आहे.

केंद्र सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये डाळींच्या आत्मनिर्भरतेसाठी 11,440 कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. 2030-31 पर्यंत 350 लाख टनांचे लक्ष्य आहे. नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांनी आणलेली तूर, उडीद आणि मसूर चार वर्षे पूर्णपणे खरेदी करण्याचे वचन आहे. 2025-26 साठी तुरीचा हमीभाव 8,000 रुपये ठरला. स्वागत करावे अशीच ही पावले आहेत. पण भाव जाहीर करणे आणि भाव हातात पडणे यांत नऊ दिवसांच्या रांगेचे अंतर असते, हे कोरपन्याच्या शेतकऱ्याने पाहिले आहे. खरेदी केंद्र पीक निघण्याआधी उघडले पाहिजे आणि बारदाना आधी आला पाहिजे. आयातीचा निर्णय पेरणीपूर्वी सांगितला पाहिजे. पीक खळ्यावर असताना नव्हे. वन्य प्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई हेलपाटे न घालता मिळाली पाहिजे. आणि सरकार तूर घेणारच असेल, तर ती रेशनच्या दुकानातून गव्हा-तांदळाच्या बरोबरीने गरिबाच्या ताटात का जाऊ नये? धान्याने पोट भरते; अंगी बळ येण्यासाठी डाळ लागते.

आणि आपण, डाळ विकत घेणारे? आपल्याला दरवर्षी थोडा रास्त भाव द्यावा लागेल, म्हणजे एखाद्या वर्षी दोनशे द्यावे लागणार नाहीत. मला तरी हा सौदा महाग वाटत नाही.

निघताना वहिनींनी हातात एक पिशवी दिली. परसात, न्हाणीच्या पाण्यावर त्यांनी तुरीची सात-आठ झाडे जगवली होती; त्यांच्या हिरव्या शेंगा. "सोल्यांपुरती लावतो, सवय जात नाही," म्हणाल्या. मग भावाकडे पाहून, "अवंदा दोन तास टाका म्हणते, तं ऐकतच नाही." भाऊ काही बोलला नाही. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. नऊ दिवस रांगेत तो उभा होता, मी नव्हे. त्याचे मन वळवणे हे वहिनींचे एकटीचे काम नाही. ते खरेदी केंद्राच्या फाटकाचे काम आहे, आणि थोडेसे तुमच्या-माझ्या किराणा यादीचेही.