लेस्टरचा धडा, ब्रायटनची वाट

लेस्टर सिटीने 2016 मध्ये प्रीमियर लीग जिंकली आणि 2023 मध्ये हाच संघ खालच्या श्रेणीत घसरला. त्यावरून ठामपणे सांगितले जाते की छोट्या क्लबचे यश हंगामापुरतेच असते. श्रीमंत क्लब त्याचे खेळाडू उचलतात आणि सगळे आटोपते. हे निदान चुकीचे आहे. कांटे, माहरेझ आणि मॅग्वायर गेल्यानंतरही लेस्टर दोनदा पाचवे आले, 2021 चा एफए कपही त्यांनी जिंकला. उलट पुढे टिलेमान्स आणि सोयुन्जू वेळेत विकले गेले नाहीत, करार संपल्यावर ते फुकटात गेले. 2022-23 मध्ये तर पगारांचा खर्च क्लबच्या उत्पन्नाहूनही वाढला. लेस्टरला नडले ते मोठ्यांच्या तोऱ्यात खर्च करणे.

ब्रायटनने नेमकी उलटी वाट धरली. 2022 मध्ये बिसुमा टॉटनहॅमला विकला, तेव्हा त्याची जागा घेणारा कैसेदो क्लबकडे आधीच होता. इक्वेडोरहून 2021 मध्ये जेमतेम अर्धा कोटी पौंडांत घेतलेल्या या पोराला बेल्जियममध्ये लोनवर खेळवून तयार केले होते. त्याच सप्टेंबरमध्ये प्रशिक्षक पॉटर चेल्सीला गेले, डी झर्बी आले, आणि हंगामाअखेर ब्रायटन सहावे आले. पुढच्या वर्षी चेल्सीने कैसेदोसाठी दहा कोटी पौंड मोजले. 2017 पासून हा क्लब वरच्या श्रेणीत टिकून आहे, कारण त्याचे यश एखाद्या खेळाडूच्या पायांवर उभे नाही; ते खेळाडू हेरण्याच्या पद्धतीवर उभे आहे.

ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम श्रीमंत आहेत, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्या पैशाशिवाय नवे स्टेडियम झाले नसते. पण पैसा पुरेसा असता तर गडगंज मालकांचे क्लब कधी घसरलेच नसते. शिवाय 2022-23 मध्ये ब्रायटनने बारा कोटी पौंडांहून अधिक नफा कमावला. ब्रायटनकडे मोठा चषक नाही, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर इटलीतल्या बर्गामोच्या अटलांटा क्लबचे आहे. अटलांटाने 2023 मध्ये आघाडीचा खेळाडू हॉयलुंड विकला आणि 2024 च्या युरोपा लीग अंतिम सामन्यात, तोवर हंगामभर अपराजित असलेल्या लेव्हरकुसेनला 3-0 ने हरवले. तिन्ही गोल लुकमनचे.

दरवर्षी जेतेपद हा निकष लावला तर बहुतेक श्रीमंत क्लबही नापास होतील. वर्षानुवर्षे वरच्या फळीत राहणे आणि संधी येताच चषक उचलणे, हे छोट्या क्लबला नक्की साधते. त्यासाठी खेळाडू धरून ठेवण्याचा हट्ट सोडून त्याचा वारस आधी शोधण्याची शिस्त हवी. आणि चाहत्यांनीही दर विक्रीला गद्दारी म्हणण्याऐवजी क्लबला या शिस्तीचा जाब विचारला पाहिजे.